अंगणातल्या ताराबाई

औराद ही माझी सासुरवाडी. बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींपैकी फार थोड्यांनी हे गाव पाहिले असेल. कर्नाटकाच्या अगदी उत्तर टोकाला, बीदर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या शिवेला लागून ते वसलेले आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तिथल्या पुष्कळ घरांत मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्हींबरोबर दख्खनी उर्दू असा व्यवहार चालतो. घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, ही तऱ्हा आपल्या बडोदेकरांना काही नवी नाही. म्हणूनच की काय, मला ते गाव पहिल्या भेटीतच परके वाटले नाही.

मी एका शाळेत संगीत शिकवतो. उन्हाळ्याची सुटी लागली की आम्ही उभयता औरादला जातो. वाड्याच्या ओसरीवर मी पेटी काढून बसतो आणि गल्लीतली पंधरा-वीस मुले जमतात. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्यांत एक नवा मुलगा येऊ लागला. वय दहाचे असेल. त्याचे नाव मी सांगत नाही. त्याचे वडील परगावी बांधकामावर कामाला असत, तिथेच अपघातात गेले. आई दोन्ही लेकरांना घेऊन माहेरी आली. मुलगा मराठी शाळेतून निघून कन्नड शाळेत बसला आणि त्याने बोलणेच सोडले. मुका तो नव्हता. झोपेत बोलतो, असे आई सांगे. जागेपणी मात्र ओठ घट्ट मिटलेले.

माझ्या हातून तेव्हा एक चूक झाली. गाण्याने कंठ मोकळा होतो असा माझा लहानपणापासूनचा समज. मी त्याला सगळ्यांसमोर उभे केले, पेटीवर षड्ज धरला आणि नुसता सा लावायला सांगितले. त्याला धीर यावा म्हणून मुलांना टाळ्याही वाजवायला लावल्या. त्याच्या अंगाला कापरे भरले आणि तो पळून गेला. चार दिवस ओसरीकडे फिरकला नाही.

माझ्या चुलत सासूबाई हे सारे आतून पाहत होत्या. त्यांची सारी नोकरी अंगणवाडीत गेलेली. त्या रात्री जेवताना त्यांनी मला सुनावले, अर्थात जावयाला सुनवावे तितक्याच मायेने. त्यांचे म्हणणे असे की, जावईबापू त्या पोराला आपल्या सतरंजीवर बोलावतात. त्याच्या जागेवर जाऊन ते एकदाही बसले नाहीत. मग त्यांनी विचारले की, ही अंगणवाडी ज्या बाईंनी प्रथम काढली त्या ताराबाई मोडक तुमच्याच गुजरातेत घडल्या, हे तरी ठाऊक आहे का? मला नाव ठाऊक होते. त्यापलीकडे काही सांगता येईना. गुजरातेत राहून ते ठाऊक नसावे ह्याची लाज वाटली. बडोद्याला परतल्यावर मी ताराबाईंचे चरित्र मिळेल तिथून वाचून काढले. आज ते वाचकांसमोर ठेवतो आहे, कारण मुलांच्या मनाशी कसे बोलावे ह्याचे उत्तर मला त्या आयुष्यात सापडले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. म्हणजे मुलींना शिकवावे की नाही हा प्रश्न ज्या घरात पडत नसे, अशा मोजक्या घरांपैकी ते एक. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी मुलीने पदवी घेणे किती दुर्मीळ होते, हे आपल्या घरातल्या आजींना विचारावे. पुढे अमरावतीचे वकील मोडक ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही; १९२१ च्या सुमारास दोघे विभक्त झाले. पदरी लहान मुलगी होती. नवऱ्यापासून वेगळे होणे ही गोष्ट तेव्हाच्या समाजात केवढी जड होती, ते सांगायला नको. ताराबाई राजकोटला आल्या आणि तिथल्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. जागा मानाची होती, पगार बरा होता. दुसऱ्या कुणी तिथेच आयुष्य काढले असते.

पण काठेवाडातच भावनगर नावाचे संस्थान होते आणि तिथे एक निराळाच प्रयोग चालला होता. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेतही जाऊन आलेले. स्वतःचा मुलगा वाढू लागला तेव्हा त्याला कोणत्या शाळेत घालावे, ह्या विचारात त्यांच्या हाती मारिया माँटेसरींचे लेखन आले. माँटेसरीबाई इटलीतल्या डॉक्टर; १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले होते. गिजुभाईंनी वकिली सोडली, १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत ते दाखल झाले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले. छडी नाही, पाठांतर नाही, परीक्षेची भीती नाही. गुजरातने ह्या माणसाला मिशाळ आई असे प्रेमाचे नाव दिले.

राजकोटची जागा सोडून ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला गेल्या. प्रमुखपद टाकून त्या बालमंदिरात चार वर्षांच्या मुलांमध्ये येऊन बसल्या. भाषाही आपली नव्हे. गुजराती आत्मसात करून त्यांनी गुजरातीतच काम केले. सुमारे नऊ वर्षे त्या तिथे होत्या. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई ह्यांनी मिळून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. एका गुजराती गृहस्थाने आणि एका मराठी बाईने काठेवाडातल्या संस्थानी गावात लावलेले हे रोप, ह्याचा आपल्यासारख्या गुजरातवासी मराठी कुटुंबांना विशेष अभिमान वाटावा.

भावनगरच्या कामातली एक बाब मला, एक गाणारा म्हणून, फार महत्त्वाची वाटते. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत साधनांना मोठे स्थान होते: लाकडी ठोकळे, दट्टे, रंगांच्या पाट्या, स्वरांच्या घंटा. मात्र लहान मुलांना परीकथा सांगणे, कल्पनेच्या राज्यात नेणे, त्यांना फारसे पसंत नव्हते. गिजुभाईंनी इथे आपली वाट वेगळी केली. बालमंदिरात गोष्टी आल्या, गाणी आली, नाटके आली, मातीकाम आणि चित्रे आली. मूल राजा होई, वाघ होई, म्हातारी होई. मोठ्यांच्या नजरेला ही करमणूक दिसे. जवळ बसून पाहणाऱ्याला कळे की, वाघ झालेले मूल आपला राग बाहेर काढते आहे आणि म्हातारी झालेली मुलगी घरातल्या आजारी आजीचा विचार करते आहे. मुलाला जे शब्दांत मांडता येत नाही, ते त्याच्या खेळात दिसते. शिक्षकाने पाहायला मात्र हवे.

हे पाहणे हाच ताराबाईंच्या पुढच्या आयुष्याचा व्यवसाय झाला. मुलाला काय शिकवू, हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. पहिला प्रश्न, हे मूल आत्ता काय करते आहे आणि का करते आहे?

इथे थोडे विषयांतर करतो. माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंत-कारखान्यात तबला वाजवीत. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबारी शिस्त त्यांच्या हाडांत होती. बोल चुकला की बोटांवर टिचकी बसे, आणि ती टिचकी साधी नसे. नवव्या वर्षी मी तबल्याचे नाव टाकले. पुढे मी बारा वर्षांचा असताना आई गेली. घरात माणसांची रीघ. जो तो मला जवळ घेई आणि रड म्हणे. मला रडू येत नव्हते. तेराव्यानंतर एका संध्याकाळी वडिलांनी काही न बोलता डग्गा माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः तबला घेतला. आम्ही नुसता ठेका धरला, तीनतालाचा. दिवेलागण झाली, रात्र झाली, कुणी उठले नाही. त्या दिवशी माझे बोल किती चुकले कोण जाणे. टिचकी पडली नाही. केव्हातरी डग्ग्यावरचा हात चालता चालता मला रडू फुटले. वडील थांबले नाहीत. त्यांनी लय जरा उतरवली, एवढेच. बालमानसशास्त्र हा शब्दही त्यांनी ऐकला नसेल. पण त्या संध्याकाळी त्यांनी जे केले ते ताराबाईंना पटले असते, असे मला आता वाटते.

असो. १९३२ च्या सुमारास ताराबाई भावनगर सोडून मुंबईकडे आल्या. गुजरातीत चालणाऱ्या शिक्षण-पत्रिकेची मराठी आवृत्ती १९३३ पासून त्यांनी चालवली, आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. तिथे बालमंदिर होते आणि शिक्षिका तयार करण्याची सोयही होती. मराठी सुशिक्षित घरांतले आईबाप त्यांचे लेखन वाचू लागले. त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहावीत: बालकांचा हट्ट, बालविकास व शिस्त, बिचारी बालके. ज्या गोष्टींसाठी घरोघर मुलांना मार बसे, त्याच गोष्टींवर त्यांनी पुस्तके लिहिली. हट्ट हा मुलाचा दुर्गुण नसून ते काहीतरी सांगू पाहत असल्याची खूण आहे, ही दृष्टी त्यांनी मराठी घरात आणली. आज तसे बोलणे सोपे आहे. १९३०-४० च्या दशकांत, छडी लागे छमछम ह्या न्यायाने वाढलेल्या पिढीपुढे ते मांडायला धीर लागे.

त्याच सुमारास जगातही हे वारे वाहत होते. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड ह्या डॉक्टर बाईंनी १९२८ मध्ये मनाने त्रस्त मुलांसाठी दवाखाना उघडला. तिथे वाळूने भरलेले पसरट तबक आणि छोटी छोटी माणसे, घरे, जनावरे ठेवलेली असत. मूल त्यांतून आपले जग मांडी आणि डॉक्टर ते पाहत. अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन ह्यांचे खेळातून उपचार करण्यावरचे पुस्तक १९४७ मध्ये निघाले. मुलाला घाई करू नये, खेळ कोणता हे त्यानेच ठरवावे, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. आपल्याकडे मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. आज ह्या साऱ्याला समुपदेशन म्हणतात. मुलांसाठी चित्र, नाट्य, संगीत, वाळू आणि माती ही त्याची मान्य साधने आहेत. ताराबाई समुपदेशक नव्हत्या, त्या शिक्षिका होत्या. त्यांनी आजारी मुलावर उपचार करण्याचा दावा कधी केला नाही. पण दवाखान्यातले डॉक्टर ज्या तत्त्वाकडे वळत होते, त्याच तत्त्वावर त्या निरोगी मुलांची रोजची शाळा उभारीत होत्या. मन बिघडल्यावर खेळाकडे जाण्यापेक्षा ते बिघडूच नये म्हणून खेळ, असा तो विचार होता.

दादरचे काम भरभराटीला आले होते. आणि इथेच ताराबाईंच्या आयुष्यातले दुसरे मोठे वळण आहे. बालशिक्षणाचा हा लाभ कुणाला मिळतो? वकील-डॉक्टरांच्या मुलांना, ज्यांना महागडी साधने परवडतात त्यांना. खेड्यातल्या, दलित वस्तीतल्या, आदिवासी पाड्यातल्या मुलाला खेळण्याचा आणि समजून घेतले जाण्याचा हक्क नाही काय? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या आणि तिथे त्यांनी ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. बोर्डी समुद्रकाठी, गुजरातच्या सीमेजवळ. औरादसारखेच सीमेवरचे गाव. तिथे त्यांना अनुताई वाघ ह्यांची साथ मिळाली. बालपणीच लग्न होऊन बालपणीच वैधव्य आलेल्या, नेटाने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी पुढचे सारे आयुष्य ह्या कामाला वाहिले.

बोर्डीला बालवाडी उघडली खरी. पण ज्यांच्यासाठी ती काढली तीच मुले येईनात. वस्तीतल्या मुलांना त्या जागेचा संकोच, आईबापांना कामाची घाई. तेव्हा ताराबाईंनी साधा उपाय केला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे. शिक्षिका वस्तीत जाऊन एखाद्याच्या अंगणात बसू लागल्या. मुलांना न्हाऊ-माखू घालावे, नखे कापावीत, गाणी म्हणावीत, गोष्ट सांगावी, खेळ मांडावा. हीच अंगणवाडी. विलायती साधनांच्या जागी खडे, बिया, शिंपले, पाने, काड्या, माती आली. महाग ठोकळ्यांनी होणारे काम चिंचोक्यांनीही होते, हे तिथे दिसून आले.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. तिथली मुले गुरांमागे रानात जात. त्यांना शाळेत डांबले तर गुरे कोण राखणार? मग शिक्षक मुलांबरोबर कुरणात जाऊ लागले, तीच कुरणशाळा. मोठ्या मुली येत नसत, कारण कडेवर धाकटे भावंड असे. मग एकाच छपराखाली पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी विकासवाडी निघाली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. मूल येत नाही म्हणजे ते आळशी, असे ताराबाई मानीत नसत. त्याच्या पायात काय अडकले आहे ते त्या पाहत आणि तेवढे दूर करीत.

त्यांच्या साऱ्या आयुष्याकडे पाहिले की मला एकच धागा दिसतो. मूल आणि मोठे माणूस ह्यांच्या मध्ये जे जे येते, ते ते त्या बाजूला सारीत गेल्या. आधी छडी गेली. मग बाकडे गेले. मग महाग साधने गेली. मग शाळेची इमारत गेली. शेवटी अंगण उरले, आणि त्या अंगणात जमिनीवर मुलाच्या उंचीला बसलेली बाई उरली. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. औरादच्या माझ्या चुलत सासूबाई ज्या अंगणवाडीत राबल्या, ती ह्याच झाडाची फांदी. भाषा कन्नड, राज्य कर्नाटक. नाव मात्र अंगणवाडीच.

कायद्यानेही पुढे हाच रस्ता धरला. मुलाला खेळण्याचा आणि कलांमध्ये भाग घेण्याचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात लिहिलेले आहे आणि भारताने १९९२ मध्ये तो मान्य केला. शाळेत मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध ठरवले. तरीही आपल्या घरांत काय चालते? वाचकांनी रागावू नये, मीही त्यांतलाच आहे. गाण्याच्या वर्गाला मूल येते ते परीक्षेसाठी. चित्रकलेला जाते ते बक्षिसासाठी. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा खोलीचे दार लावून गिटार छेडीत बसला, तर आपण त्याला अभ्यासाला बसवतो. तो काय छेडतो आहे ते ऐकत नाही. वाढत्या वयातली मुले तर चार वर्षांच्या मुलांहूनही कमी बोलतात. त्यांचे अंगण कोणते, हे ताराबाईंनी नक्की शोधले असते.

आता औरादच्या त्या मुलाकडे येतो. सासूबाईंचे ऐकून मी पाचव्या दिवशी पेटी घरातच ठेवली. वाड्यामागे जनावरांच्या गोठ्याजवळ तो एकटा बसलेला दिसला. हातांत दोन तुऱ्हाट्या आणि पुढे तेलाचा रिकामा डबा. मी काही अंतरावर जमिनीवर बसलो. त्याने वर पाहिले, काही म्हटले नाही. थोड्या वेळाने तो वाजवू लागला. तीन थापा, आणि मग काही नाही. पुन्हा तीन थापा, आणि काही नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर तिहाई घेतली आणि सम सोडून दिली. तबलजीच्या मुलाला हे किती जड जाते, ते जाणत्यांना सांगायला नको. माझा हात शिवशिवला. ती रिकामी जागा एका थापेने भरून टाकावी असे वाटले. पण ती सम माझी नव्हती. मी दुसरा एक डबा ओढला आणि त्याच्यासारख्याच तीन थापा दिल्या, आणि थांबलो. त्याने माझ्याकडे पाहिले. मग त्याने तीन दिल्या. असे आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो.

रोज हेच. आठवड्याने गल्लीतली दोन-तीन पोरे आपापले डबे घेऊन आली. मी त्यांना एवढेच बजावले होते की त्याला काही विचारायचे नाही आणि चौथी थाप द्यायची नाही. पोरांनी ते शहाण्यासारखे पाळले. पंधरा-सोळा दिवस गेले असतील. एका संध्याकाळी तीन थापा झाल्या, नेहमीसारखी रिकामी जागा आली, आणि त्या जागेत त्याने स्वतःच चौथी थाप दिली, जोरात. दारात त्याची आई उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. मागून तिने माझ्या पत्नीला सांगितले की, त्याचे वडील कामावरून रात्री-अपरात्री घरी येत तेव्हा दारावर अशाच तीन थापा मारीत, आणि दार उघडायला हाच धावत जाई.

मला हे ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना मी ती जागा भरली नाही, हे केवळ सासूबाईंच्या कृपेने. मी भरली असती तर काय झाले असते, ह्या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

कुणी असे समजू नये की तो त्या दिवसापासून घडाघडा बोलू लागला. तसे गोष्टींत होते. दोन दिवसांनी त्याने धाकट्या बहिणीला हाक मारली. मग हळूहळू घरात शब्द येऊ लागले, शाळेत मात्र पुढे कितीतरी महिने नाही. त्याची आई त्याला बीदरला डॉक्टरांकडे घेऊन जाऊ लागली, आणि ते फार चांगले झाले. डबा वाजवणे म्हणजे उपचार नव्हे आणि मी डॉक्टर नव्हे. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जिवाचे बरेवाईट बोलत असेल, तर शेजाऱ्याला किंवा संगीत शिक्षकाला विचारीत बसू नये. जाणत्या तज्ज्ञाकडे जावे. १४४१६ ह्या क्रमांकावर २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा मिळते, त्याला पैसे पडत नाहीत. आमच्यासारख्यांचे काम त्याआधीचे आहे. मुलाला जिथे बसावेसे वाटते तिथे आपणही बसायचे, आणि त्याचे ऐकायचे.

तो मुलगा आता कन्नड शाळेत सातवीत आहे. दोन्ही भाषा बोलतो. मोजक्या, पण बोलतो. ह्या मे महिन्यात मी बडोद्याहून वडिलांची जोडी बरोबर नेली होती. त्याच्यापुढे ठेवली. त्याने तबल्यावर हात फिरवून पाहिला, शाईवर बोट टेकवले, आणि उठून गोठ्याकडे जाऊन आपला डबा घेऊन आला. मग त्याने तबला माझ्याकडे सरकवला. मी ठेका धरला. सम कुठे घ्यायची, ते त्याच्यावर सोडले.